वर्गणी, दांड्या आणि ‘बघू’

आमच्या गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मी एसक्यूलाइट या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवतो. फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलीत मावतो. खजिनदार काकांची यावर काही हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून जे बाहेर पडतं त्यावर.

आमच्याकडच्या आवृत्तीत कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, यादी मागितली की उत्तर येतं: १२|३०२|५०१. वर शीर्षक नाही, खाली रेघ नाही. पावती कुठली, फ्लॅट कुठला, रुपये कुठले, हे ज्यानं टेबल बनवलं त्यानंच ओळखावं. काकांनी पोहे खाता खाता प्रिंट हातात घेतलं आणि जिरावन मसाला लागलेलं बोट त्या दांड्यांवरून फिरवत विचारलं, “काय रे भिया, एवढे पूर्णविराम कशाला?” जन्म इंदूरचा, रोजचा पेपर हिंदी. उभी रेघ दिसली की त्यांचं वाक्य संपतं.

हे साधन २००० सालचं. उत्तर दुसऱ्या प्रोग्रामच्या घशात जाणार, माणूस कशाला वाचतोय, असा एकंदर हिशेब दिसतो. २०२० च्या ३.३३ आवृत्तीत छान चौकटी आल्या, पण आमच्याकडे त्या ‘डॉट मोड बॉक्स’ अशी आज्ञा देऊन मागाव्या लागतात. डिफॉल्ट, म्हणजे न मागता मिळणारा साचा, बदलला तर जगभरातल्या जुन्या स्क्रिप्टा कोलमडतील, हेही खरंच. पण मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस बघा: समोर माणूस असेल तर चौकट आखतो, उत्तर पाइपातून पुढच्या प्रोग्रामकडे जाणार असेल तर मुकाट्यानं टॅब टाकतो. पंगतीत कोण बसलंय ते बघून वाढायला काय हरकत आहे? पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसचा पीएसक्यूएल तर खाली किती ओळी आल्या तेही मोजून सांगतो.

मी सेटिंगच्या फाइलीत चौकट कायमची लिहून टाकली. तर आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर देवनागरी आडवी आली. तो काना, मात्रा, हलन्त सगळ्यांना वेगवेगळं घर देतो. ‘कुलकर्णी’साठी आठ घरं धरतो, आणि कुलकर्णी पडद्यावर चार अक्षरांत आटोपतात. मग उजवीकडची भिंत आत सरकते. खालच्या ओळीत ‘करकरे’ आले की पुन्हा बाहेर. संस्थानकाळातल्या वाड्याची पडझड म्हणून खपलं असतं. शेवटी नावाचा रकानाच सगळ्यात शेवटी नेला. भिंत वाकडी तर वाकडी, आकडे तरी सरळ रांगेत.

राहिला नल, म्हणजे न भरलेली नोंद. रक्कमच नोंदलेली नसेल तर डिफॉल्टमध्ये तिथे नुसती कोरी जागा दिसते. ‘डॉट नलव्हॅल्यू’ने तिथे हवा तो शब्द घालता येतो. मी ‘बघू’ घातला, कारण दारात ती मंडळी तेवढंच म्हणाली होती.

काका खूष. यादी वरून खाली चवीनं वाचत गेले आणि अध्यक्षांच्या ओळीशी थबकले. तिथेही ‘बघू’.

“बाकी सगळं ठीक आहे,” ते हळूच म्हणाले, “एवढी एक ओळ पहिल्यासारखी कोरी छापता येईल का?”