कारचं ऑइल बाईकमध्ये टाकू नका
बाईकचं ऑइल बदलण्याबद्दलचा तुमचा बाकी लेख छान आहे, पण त्यातलं "ऑइल चांगल्या ग्रेडचं असेल तर कारचं ५डब्ल्यू-३० बाईकलाही चालतं" हे वाक्य प्लीज बदला, लोक वाचून खरंच तसं करतात. गिअरवाल्या जवळपास सगळ्या बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात, आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी केमिकल्स असतात, ती क्लच प्लेटवर बसली की क्लच घसरायला लागतो. माझ्या भावाच्या १५० सीसी गाडीत गॅरेजवाल्याने ड्रममधलं कारचं ऑइल भरलं होतं, खंबाटकी घाटात थ्रॉटल दिला की आरपीएम वर जायचा पण गाडी काही पुढे सरकायची नाही. प्लेटा बदलाव्या लागल्या तेव्हा कुठे नीट झाली.

त्यामुळे नुसतं १०डब्ल्यू-३० का २०डब्ल्यू-४० (म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट आहे) एवढंच बघून भागत नाही, डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघायचं, ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असतं. 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' (म्हणजे इंधन वाचवणारं) असं छापलं असेल तर ते बाईकसाठी घेऊच नका. अ‍ॅक्टिवासारख्या स्कूटरचा क्लच ऑइलच्या बाहेर कोरडा असतो म्हणून तिथे जासो एमबी (कमी घर्षणाचं ऑइल) चालतं, तेच उरलेलं ऑइल घरातल्या बाईकमध्ये ओतू नका. आणि लेखातल्या ऑइल फिल्टरबद्दल, स्प्लेंडरसारख्या गाड्यांना बदलायचा कागदी फिल्टर नसतोच, जाळी साफ करायची असते, सगळ्यांनाच सरसकट "दर वेळी नवा फिल्टर टाका" सांगून कसं चालेल? आधी मॅन्युअल उघडून बघायला सांगा ना.