लिंकनच्या आईची चाळीस एकर

सावत्र आई म्हटलं की आपल्याला आधी सुरुची आठवते, नाहीतर कैकेयी. चांगल्या सावत्र आयांच्या गोष्टी आपण सांगत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडत नाही असं आपल्याला वाटतं. मला नेमकं उलट वाटतं, आणि म्हणून आज अब्राहम लिंकनच्या सावत्र आईबद्दल, सॅली बुशबद्दल लिहिणार आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सॅलीचा जन्म 13 डिसेंबर 1788 चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. कागदोपत्री नाव सारा. लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी खूण करायची. 1806 मध्ये डॅनियल जॉन्स्टन नावाच्या माणसाशी लग्न झालं. तो एलिझाबेथटाउनच्या तुरुंगाचा जेलर होता आणि डोक्यावर सतत कर्ज. 1816 मध्ये तो वारला. मागे तीन मुलं राहिली : एलिझाबेथ, मटिल्डा आणि जॉन. शिवाय देणी.

तिकडे इंडियानाच्या जंगलात थॉमस लिंकन नावाचा शेतकरी आणि सुतार विधुर झाला होता. त्याची बायको नॅन्सी 5 ऑक्टोबर 1818 ला गेली. त्या भागात तेव्हा दुधातून विषबाधा व्हायची. जंगलात चरणाऱ्या गाई स्नेकरूट नावाचं पांढऱ्या फुलांचं एक झुडूप खायच्या, त्याचं विष दुधात उतरायचं आणि ते दूध पिणारी माणसं काही दिवसांत दगावायची. नॅन्सीच्या थोडंच आधी तिचे मावशी आणि काका याच रोगाने गेले होते. रोगाचं मूळ दुधात आहे हे कळलं तरी नेमकं कोणत्या झाडामुळे, हे डॉक्टरांच्या पुस्तकांत यायला फार वर्षं लागली. नॅन्सीच्या मागे अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलीचं नाव सारा, मुलाचं अब्राहम. अकरा वर्षांची ती पोर घर चालवायला लागली. मावशी-काकांनी सांभाळलेला डेनिस हँक्स हा नातलगही त्यांच्याकडेच राहायला आला.

वर्षभराने थॉमस केंटकीला परतला तो सॅलीला भेटायला. ओळख जुनी होती. त्या गावच्या कोर्टातल्या एका जुन्या कारकुनाने पुढे सांगितलेली हकीकत अशी : थॉमस गेला आणि सरळ म्हणाला, मला बायको नाही, तुला नवरा नाही, आपण एकमेकांना लहानपणापासून ओळखतो, माझ्याकडे वेळ नाही, तयार असशील तर लगेच उरकून टाकू. सॅली म्हणाली, माझी काही देणी आहेत, ती फेडल्याशिवाय गाव सोडणार नाही. त्याने यादी घेतली आणि देणी फेडली. 2 डिसेंबर 1819 ला लग्न लागलं.

या प्रसंगाचं पुष्कळ जणांना हसू येतं. मला त्यात बाईचा हिशेबीपणा दिसतो आणि तो मला फार आवडतो. तीन लेकरांची तीस वर्षांची विधवा, समोरच्याला घाई आहे हे तिने ओळखलंय, आणि त्या घाईत तिने आधी गावातली पत मोकळी करून घेतली.

मग गाडीत सामान चढलं, ओहायो नदी ओलांडली आणि सगळे इंडियानात पोचले. सामानात अक्रोडाच्या लाकडाचं एक खणांचं कपाट होतं, ते केंटकीत पंचेचाळीस डॉलरला घेतलेलं. लिंकनच्या घरात तोवर थॉमसने स्वतः ठोकलेल्या तिवया आणि खाटा होत्या. त्या घरात असलं कपाट म्हणजे केवढा डामडौल! थॉमसला ते विकून टाकावंसं वाटत होतं असंही सांगतात. तिने विकलं नाही.

आता एकाच खोलीच्या लाकडी घरात आठ माणसं. नवरा-बायको, त्याची दोन, तिची तीन आणि डेनिस. डेनिसच्या आठवणींप्रमाणे सॅलीने आल्या आल्या थॉमसला कामाला लावलं, घराला फळ्यांची जमीन, नीट दार, खिडकी करून घेतली. मुलांना घासूनपुसून आंघोळी घातल्या. स्वतः सॅलीने मात्र म्हातारपणी सांगितलं की घर चांगलं होतं, बऱ्यापैकी सोयीचं होतं. मुलांना कपडे घातल्यावर ती जरा माणसांत आल्यासारखी दिसायला लागली, एवढंच ती म्हणाली. नवऱ्याच्या जुन्या घराची लक्तरं तिने परक्या माणसापुढे वेशीवर टांगली नाहीत.

हा परका माणूस म्हणजे विल्यम हर्नडन, लिंकनचा वकिलीतला भागीदार. एप्रिल 1865 मध्ये लिंकनचा खून झाला. त्यानंतर हर्नडन त्याच्या लहानपणीची माणसं शोधत गावोगाव फिरला. 8 सप्टेंबर 1865 ला तो सॅलीकडे पोचला. तिने पहिल्यांदाच सांगून टाकलं की तारखा आणि नावं मला आठवत नाहीत. पण ते कपाट घरातच होतं, ते तिने दाखवलं, आणि त्याची किंमत मात्र तिच्या पक्की लक्षात होती!

हर्नडनने टिपून घेतलेलं तिचं बोलणं हा लिंकनच्या बालपणाबद्दलचा सगळ्यात भरवशाचा ऐवज आहे असं माझं मत. मुलगा माळ्यावर झोपायचा, भिंतीच्या ओंडक्यांत ठोकलेल्या खुंट्यांवरून चढून जायचा. अंगमेहनतीची त्याला आवड नव्हती. मोठी माणसं घरी आली की गप्प ऐकत बसायचा, आणि ती गेली की बारीकसारीक सगळं समजून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. वाचताना काही आवडलं आणि कागद नसला तर फळीवर लिहून ठेवायचा, कागद मिळाला की उतरवून घ्यायचा. एका निरक्षर बाईने एवढं बारीक पाहिलंय. म्हणजे ती बघत होती. कामं पडलेली असताना हे पोरगं पुस्तक घेऊन कुठे बसलंय, हे तिला ठाऊक होतं आणि तिने त्याला उठवलं नाही.

थॉमसबद्दलही ती म्हणते की शक्य असेल तोवर त्याने मुलाला वाचनातून उठवलं नाही, काम स्वतः केलं. डेनिस नेमकं उलट सांगतो, त्याच्या सांगण्यात बाप मारकुटा आहे. कुणाचं खरं? दोघांचंही थोडंथोडं असावं. बाप चिडत असेल आणि ती मध्ये पडत असेल, तेव्हा तो दोन पावलं मागे जात असेल. हा माझा अंदाज आहे. पण ज्या घरात एक हट्टी बाप, एक हट्टी मुलगा आणि मध्ये एक शहाणी बाई असते, तिथे हे असंच चालतं.

आता जरा आपल्याकडचं. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून एक पत्र महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर आहे. ते पाठ असलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. मजकूर सुंदर आहे, मराठी रूप तर फारच देखणं. पण लिंकनच्या लेखनाचे जे खंड संपादित होऊन छापले आहेत त्यांत असं पत्रच नाही. ते त्याचं नाही. खुद्द त्याची शाळा किती झाली? 1860 मध्ये त्याने स्वतःच लिहून दिलंय की सगळे तुकडे जोडले तरी वर्षभर भरणार नाही. तेव्हा या माणसाच्या शिक्षणाचं श्रेय द्यायचंच असेल तर ते हेडमास्तरांपेक्षा त्याच्या घरातल्या, सही न येणाऱ्या बाईकडे जातं. तिचा फोटो मी एकाही शाळेत पाहिलेला नाही.

पुढचं भरभर सांगते. अब्राहमची बहीण सारा 20 जानेवारी 1828 ला बाळंतपणात गेली, एकविसाव्या वर्षाच्या आत. सॅलीच्या थोरल्या मुलीचं लग्न घरातल्याच डेनिसशी झालं, धाकटीचं डेनिसच्या सावत्र भावाशी. नाती अशी गुंतलेली. 1830 मध्ये त्या दुधाच्या रोगाच्या धास्तीने सगळं गोत इलिनॉयला हललं. अब्राहम वर्षभराने घर सोडून गेला. म्हातारा-म्हातारी शेवटी कोल्स काउंटीत गूसनेस्ट प्रेअरी नावाच्या जागी स्थिरावली. सोबत सॅलीचा मुलगा जॉन.

आणि इथून मला लिंकनपेक्षा सॅलीची काळजी जास्त वाटायला लागते. जॉन दिसायला-बोलायला गोड आणि कामाला आळशी. लिंकन तोवर वकील झाला होता. 1841 मध्ये त्याने बापाची चाळीस एकर दोनशे डॉलरला विकत घेतली, पण म्हातारा-म्हातारी जिवंत असेपर्यंत ती त्यांनीच कसायची अशी अट ठेवून. म्हणजे पैसे दिले आणि जमीनही विकली जाण्यापासून वाचवली. 1848 मध्ये पुन्हा जमिनीवर टाच येणार म्हणून वीस डॉलर पाठवले.

बापाशी त्याचं कधी जमलं नाही. जानेवारी 1851 मध्ये थॉमस मरणाला टेकला होता. लिंकनने कळवलं की आत्ता भेटलो तर सुखापेक्षा दुःखच जास्त होईल. घरी बायको बाळंतपणातून उठायची होती हे खरं, पण तो अंत्यविधीलाही गेला नाही. मला हे आजही खटकतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉनने टूम काढली, जमीन विकून मिझुरीला जायचं. त्यावर लिंकनची जी पत्रं आहेत ती वाचताना मला आपल्याकडच्या कुठल्याही वाटणीच्या भांडणाची आठवण येते. मिझुरीची जमीन काय जास्त कसदार आहे? तिथे कष्टांशिवाय मका उगवतो का? तुझे हजार बहाणे तुझ्याशिवाय कुणालाच फसवत नाहीत, कामाला लागणं हाच तुझ्यावर उपाय आहे. इथवर थोरल्या भावाची झाडाझडती. मग तो हिशेबावर येतो. जॉनचा बेत असा की चाळीस एकर तीनशे डॉलरला विकायची, शंभर स्वतः घ्यायचे, उरलेले दोनशे आठ टक्के व्याजाने आईच्या नावे. लिंकन लिहितो, म्हणजे आईला वर्षाला सोळा डॉलरची घसघशीत रक्कम! तुला हे पटत असेल, मला पटत नाही. त्याच जमिनीतून तिला वर्षाला निदान तीस डॉलर सुटू शकतात असा त्याचा हिशेब होता. उरलेल्या जमिनीत विधवा म्हणून तिचा हयातभराचा तिसरा हिस्सा होता, तो जॉनने आधीच तिच्याकडून काढून घेतल्याचंही तो सुनावतो.

इथे नीट बघा. जॉन तिचा पोटचा मुलगा आहे. अब्राहम नाही. म्हातारीच्या चोळी-बांगडीची सोय कोण लावतंय? जॉन 1854 मध्ये वारला, चाळीस एकर तिच्याकडेच राहिली.

हर्नडनला तिने सांगितलं की हजारात एखादी आईच म्हणू शकेल असं मी म्हणते : अब्राहमने मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. माझा जॉन आणि हा एकत्र वाढले, दोघेही चांगले होते, दोघेही आता नाहीत, पण अब्राहमसारखा मुलगा मी पाहिला नाही. त्याचं मन आणि माझं मन, माझं जे काही थोडंथोडकं असेल ते, एकाच दिशेने चालायचं, असंही ती म्हणाली. पोटच्या पोराबद्दल त्याच्या माघारी हे बोलायला केवढा प्रामाणिकपणा लागत असेल! तिने राष्ट्राध्यक्षपदाबद्दलही मोकळेपणाने सांगितलं : तो उभा राहावा, निवडून यावा असं मला वाटतच नव्हतं, मला भीती वाटायची. जानेवारी 1861 च्या अखेरीस, वॉशिंग्टनला जाण्याआधी, तो तिला भेटायला आला होता. तेव्हाच तिच्या मनाने घेतलं होतं की हा पुन्हा दिसणार नाही.

लिंकनची बायको मेरी हिने सासूच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी हर्नडनला निरोप देताना सॅलीने मेरीसाठी आणि मुलांसाठी आपली माया कळवायला सांगितलं. डिसेंबर 1867 मध्ये मेरीने तिला पत्र लिहिलं, काही वस्तूही पाठवल्या, आणि आमच्या धाकट्याचं नाव तुमच्या नवऱ्याच्या नावावरून थॉमस ठेवलंय हे कळवलं. उशिरा का होईना, लिहिलं.

सॅली 12 एप्रिल 1869 ला गेली, ऐंशी वर्षांची होऊन. थॉमसशेजारीच पुरली. तिच्या कबरीवर पुढे कितीतरी वर्षं दगड नव्हता. तिचं घर मात्र 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी ओंडका-ओंडका सोडवून नेलं, राष्ट्राध्यक्षाच्या आईबापांचं घर म्हणून. ते परत आलंच नाही. आज त्या जागी उभी आहे ती नंतर बांधलेली प्रतिकृती.

लिंकनची पत्रं आंतरजालावर फुकट वाचायला मिळतात. गेटिसबर्गचं भाषण सगळे वाचतातच. तुम्ही 1851 च्या नोव्हेंबरमधली जॉनला लिहिलेली पत्रं काढा, सोळा डॉलरवालं तर नक्कीच. ज्यांच्या घरात सध्या वाटणी चालू आहे त्यांनी आधी वाचा.