मेहुण्यांची टाकी आठवडाभर ठीक आहे, म्हणूनच हे सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागानं लिहिलेली असली तरी मुद्द्यांची आहे, म्हणून नुसते आभार मानून ती सोडून देत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माशांच्या पहिल्या टाकीवरचा माझा लेख नवशिक्याला घाबरवणारा आहे. पाच-सहा आठवडे टाकी माशांशिवाय चालवायची, अमोनिया मोजत बसायचं, या सगळ्या ‘भानगडी’ आहेत. तुमच्या लहानपणी बरणीत मासे मजेत जगत. मेहुण्यांनी दुकानदाराच्या सल्ल्यानं दोन फुटी टाकी भरली, बॅक्टेरियाची बाटली ओतली, २४ तासांनी दहा निऑन (छोटे, चमकत्या पट्ट्याचे मासे), दोन गोल्डफिश आणि एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा) सोडला. आज आठवडा झाला, सगळे मासे ठणठणीत आहेत. आरओच्या शुद्ध पाण्याला नाही म्हणायचं आणि हीटर मात्र घ्यायला लावायचा, हे तुम्हाला खर्चात पाडणं वाटतं.

या सगळ्यात मला काळजी वाटते ती ‘आठवडा झाला’ या दोन शब्दांची.

नव्या टाकीत मासे सहसा पहिल्या दिवशी मरत नाहीत. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ सतत बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. पहिल्या आठवड्यात तो साठत जातो. त्यावर जगणारे जिवाणू हळूहळू वाढतात आणि अमोनियाचं नायट्राइट करू लागतात. पण या विषारी नायट्राइटचं बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात आणि त्यांचं खाद्यच आधी तयार झालेलं नसतं, त्यामुळे ते मागे राहतात. म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात नायट्राइट चढतं. ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन आहेत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय यावरून काहीही कळत नाही.

मेहुण्यांच्या टाकीत अजून काही झालेलं नाही, यामागे पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा, हात असू शकतो (७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्लधर्मी). पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप जहाल विषारी आहे. २५-२६ अंशांना पीएच ७ असेल तर त्या विषारी रूपाचा वाटा शंभरात एक भागही नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा शंभरात पाच-सहा भागांवर जातो. आता समजा टाकीतलं पाणी किंचित आम्लधर्मी झालंय, तीन आठवडे पाणी बदललेलंच नाही आणि एका रविवारी ‘आज टाकी साफ करू’ म्हणून बोअरवेलचं पीएच ८ चं पाणी अर्धी टाकी भरून ओतलं. साठलेला निरुपद्रवी अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे. दोष पाणी बदलण्याला दिला जातो. खरा दोष इतके दिवस न बदलण्याचा असतो.

तुमच्या लहानपणच्या बरणीबद्दल. ते मासे जगत होते हे मला अगदी मान्य आहे. बहुतेक ठिकाणी ते गप्पी असत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिकेची माणसं डबक्यांत आणि टाक्यांत सोडतात तेच. गप्पीइतका चिवट मासा क्वचितच असेल. पाणी विहिरीचं असलं तर त्यात क्लोरीन नसे. मासे दोन-चार, खाणं चिमूटभर, आणि दर दोन-तीन दिवसांनी बरणी पूर्ण रिकामी करून भरली जाई, म्हणजे अमोनिया साठायच्या आत बाहेर फेकला जाई. ही पद्धत चालते, पण ती रोजच्या हातकामावर चालते. दोन फुटी टाकीत दहा निऑन ठेवून आठवड्याला एकदा पाणी बदलायचं असेल तर ते काम जिवाणूंनाच करावं लागतं, आणि ते पाण्यात नव्हे तर मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर राहतात.

आता ज्याला तुम्ही भानगडी म्हणता त्याचा खर्च बघू. २ × १ × १ फुटांच्या टाकीत रेती-दगड घातल्यावर साधारण ५० लिटर पाणी मावतं. मासे न सोडता फिल्टर आणि हवेचा पंप सुरू करा. जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया आपण घालायचा. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. कल्हईसाठी मिळणारा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. १६ ग्रॅम नवसागर ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. या द्रावाचे १० मिलिलिटर ५० लिटरमध्ये घातले की अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, होतो. चाचणी-किटनं मोजून तो शून्याजवळ आला की पुन्हा तेवढाच डोस. पहिले दहा-बारा दिवस काहीच घडत नाहीसं वाटतं, मग नायट्राइट चढतं आणि शेवटी तेही उतरतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य मिळाले की टाकी तयार. तोवर नायट्रेट बरंच साठलेलं असतं, म्हणून मासे आणायच्या आदल्या दिवशी तीन चतुर्थांश पाणी बदलायचं. हात लावायचं काम दिवसाला पाच मिनिटांचं. उरलेला वेळ पंप चालू राहतो, एवढंच.

हे लवकर उरकायचं असेल तर एक खात्रीचा उपाय आहे आणि तो फुकट आहे. ओळखीत कुणाची वर्षभर चाललेली, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या, किंवा त्या स्पंजचा तुकडाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. दह्याला विरजण लावावं तसं हे. तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत वाळू देऊ नका, नळाखाली धुऊ नका. अशी टाकी एक-दोन आठवड्यांत तयार होऊ शकते, पण मासे सोडण्याआधी वरची २४ तासांची चाचणी तरीही करा.

बाटलीबंद बॅक्टेरिया सगळे खोटे नसतात. काहींमध्ये खरोखर नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट) करणारे जिवाणू असतात, पण ते बीजाणू, म्हणजे कवचातलं टिकाऊ रूप, करत नाहीत, त्यामुळे उन्हात तापलेल्या गोदामात किंवा दुकानाच्या काचेच्या कपाटात महिनोन्महिने राहिले तर जिवंत राहतीलच असं नाही. बऱ्याच बाटल्यांत बॅसिलस गटातले जिवाणू असतात. ते वर्षभर टिकतात, तळाचा गाळ कुजवायला मदत करतात, पण अमोनियाचं नायट्रेट करणं हे त्यांचं काम नाही. बाटलीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचा मार्ग एकच: बाटली ओता, २ पीपीएम अमोनिया घाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजा. उतरला तर बाटली चांगली.

आरओच्या मुद्द्यावर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही, कारण इथेच सर्वांत जास्त टाक्या बिघडतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवून धरण्याची ताकद, खातं. वरचा २ पीपीएमचा एक डोस पूर्ण जिरायला लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. पाण्यात मुळात ४० मिलिग्रॅम असेल तर चौथ्या डोसाला ती संपते, पीएच घसरतो, आणि ६.५ च्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतं. आरओच्या पाण्यात क्षारता नसतेच म्हटलं तरी चालेल. तिथे टाकी महिनोन्महिने ‘तयार’ होत नाही आणि लोक फिल्टर बदलत बसतात. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आहे, त्यामुळे तिथेही हा अनुभव येतो. उपाय स्वयंपाकघरातला आहे: ५० लिटरला ५ ग्रॅम खाण्याचा सोडा क्षारता ६० मिलिग्रॅमनं वाढवतो. टाकीत मासे असतील तर हा डोस एकदम न देता तीन-चार दिवसांत विभागून द्या, आणि अमोनिया शून्य आहे याची खात्री करूनच, कारण पीएच वाढला की काय होतं ते वर सांगितलंच आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरवेलला उलट प्रश्न असतो. ते पाणी बहुधा कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं, गप्पी आणि मॉलीला ते छान मानवतं, निऑनला नाही. पाण्याला मासा जुळवणं स्वस्त पडतं, माशासाठी पाणी बदलत राहणं महागात जातं.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानात ‘हायपो’ म्हणून पांढरे खडे मिळतात, तो सोडियम थायोसल्फेट. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम लागतो, म्हणजे १ पीपीएम क्लोरीन असलेल्या १५ लिटरच्या बादलीला एक दशांश ग्रॅम, दोन-तीन बारीक खडे. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवतात. बादलीला उग्र वास आला तर मात्रा वाढवा आणि ढवळून पाच मिनिटं थांबा.

हीटरबाबत तुमचं अर्धं बरोबर आहे. कोकणात आणि मुंबईत बहुतेक वर्षभर तो बंदच राहतो. पण नाशिक, पुणे, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोलीचं तापमान बरंच उतरतं, दिवसा पुन्हा चढतं, आणि अशा चढ-उतारात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हमखास डोकं वर काढतो. ५० लिटरला ५० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं तो बंद करायचा, नाहीतर तापलेली काच हवेत उघडी पडून तडकते. विदर्भात खरी अडचण उन्हाळ्याची. पाणी ३२-३३ अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. झाकण काढून पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. वाफेनं पातळी घटते तिथे नुसती भर घालून भागवू नका. क्षार मागे राहतात आणि साचत जातात, म्हणून आठवड्याचा पाव टाकीचा बदल उन्हाळ्यातही हवाच.

वीज जाते तिथे बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा टाकीतला साधा स्पंज फिल्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. बंद डब्यातलं पाणी काही तासांत ऑक्सिजनशिवाय सडू लागतं आणि वीज आल्यावर ती घाण थेट माशांवर येते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीचं पाणी नळीतून पंपात उतरतं. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, तीन-चारदा पिळायचा. तपकिरी गाळ सुटतो, स्पंज तपकिरीच राहतो, तो तसाच राहू द्यायचा. नळाखाली घासून पिवळाधमक केला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आता मेहुण्यांच्या टाकीचं. गोल्डफिश थंड पाण्याचा, प्रचंड घाण करणारा मासा आहे, मोठा झाला की निऑन गिळतो. सकर ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जातो, पण तो फुटाच्या वर वाढतो आणि स्वतःच सर्वांत जास्त विष्ठा करतो. तिन्ही मासे दुकानात परत द्या. नदी-तलावात सोडू नका, भारतातल्या कितीतरी पाणवठ्यांत सकरनं आधीच बस्तान बसवलंय.

राहिले दहा निऑन. खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आजपासून तीन आठवडे रोज पाव टाकी पाणी बदला, हायपो घातलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. वर सांगितलेल्या पीएचच्या कारणानं पहिले तीन दिवस दहावा भागच बदला आणि मग पाव टाकीवर या. द्रवाची चाचणी-किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजा. दोन्हींपैकी काहीही अर्ध्या पीपीएमच्या वर दिसलं तर संध्याकाळी आणखी एक बदल. नायट्राइट दिसू लागताच ५० लिटरला १५ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून द्या. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आयोडीनचं मीठ असलं तरी या मात्रेला चालतं. पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्याच प्रमाणात मीठ परत घाला, पाव टाकीला पावणेचार ग्रॅम. फिल्टर या काळात धुऊ नका, दिवसरात्र चालू ठेवा. सलग सात दिवस दोन्ही आकडे शून्य आले की रोजचा बदल आठवड्यावर न्या. नवा मासा त्यानंतरच आणा, तोही आधी वेगळ्या भांड्यात दोन-तीन आठवडे ठेवून.

किटवरचे आकडे आले की इथेच लिहा. पाणी कुठलं आहे, नळाचं की बोअरवेलचं, तेही सांगा, म्हणजे सोड्याची गरज आहे का ते लगेच सांगता येईल.