बर्क वाकला म्हणून जिंकला नाही

व्हॉट्सअॅपच्या गटांमधून एक काळा-पांढरा फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. १८९६ सालचं अथेन्स, पहिलं आधुनिक ऑलिंपिक, पुरुषांची १०० मीटर शर्यत. रेषेवर धावपटू आपापल्या परीने उभे आहेत आणि त्यांच्यात एकच जण खाली वाकून, हात जमिनीला टेकवून तयार आहे. खालच्या मजकुराचा गोषवारा असा: थॉमस बर्क या अमेरिकन तरुणाने त्या दिवशी वाकून स्टार्ट घेण्याची पद्धत शोधून काढली, सगळं स्टेडियम त्याला हसलं, पण पिस्तूल वाजताच तो सगळ्यांच्या पुढे गेला, सुवर्णपदक जिंकला आणि जगातला सर्वांत वेगवान माणूस ठरला. मग उपदेश: चारचौघांसारखे उभे राहू नका, वेगळा विचार करा. पोस्टखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

फोटो खरा आहे, बर्क जिंकला हेही खरं आहे. बाकी जे सांगितलं जातं, त्यातलं फारसं काही टिकत नाही.

पद्धत बर्कने शोधली?

नाही. अमेरिकेत या स्टार्टचा जन्म सहसा १८८८ सालचा मानतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात येल विद्यापीठाचा चार्ल्स शेरिल लाँग आयलंडवरच्या एका स्पर्धेत असाच वाकून धावला. त्याला हे शिकवणारे होते प्रशिक्षक माइक मर्फी. बर्क तेव्हा तेरा वर्षांचा होता. शेरिलच्याही आधी ऑस्ट्रेलियातला आदिवासी धावपटू बॉबी मॅकडोनल्ड असा स्टार्ट घेत असे, असाही दावा आहे. थंड वारा अंगाला लागू नये म्हणून तो खाली बसायचा आणि मग लक्षात आलं की सुटायलाही बरं पडतं, अशी त्याची कथा सांगतात. शेरिल की मॅकडोनल्ड हा वाद चालू राहू दे. त्यात बर्कचं नाव मात्र कुठेच येत नाही.

म्हणजे १८९६ पर्यंत अमेरिकेतल्या कॉलेजांमधून आणि क्लबांमधून ही पद्धत आठ वर्षं रुळलेली होती. बर्क बॉस्टन अॅथलेटिक असोसिएशनचा धावपटू. क्लबचा संघ अथेन्सला गेला तेव्हा जॉन ग्रॅहम हे प्रशिक्षक सोबत होते. घरी रोज जे केलं, तेच बर्कने तिथे केलं. तोही चारचौघांसारखाच वाकला होता, फक्त ते चारचौघे अटलांटिकच्या पलीकडे होते. युरोपातल्या धावपटूंना उभ्याने सुटायची सवय होती, म्हणून तो फोटोत वेगळा दिसतो. त्यामुळे ‘वेगळा विचार करा’ या उपदेशासाठी याहून गैरसोयीचं उदाहरण सापडणं कठीण.

लोक हसले?

इथे तारखा बघायला हव्यात, कारण पोस्ट लिहिणाऱ्याने सगळं एका दिवसात बसवलं आहे. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ एप्रिलला, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी झाल्या. ग्रीसमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, तिथे ती तारीख २५ मार्च होती, म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन. एकूण तीन फेऱ्या, प्रत्येकीतले पहिले दोघे अंतिम शर्यतीत. पहिली फेरी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या फ्रान्सिस लेनने १२.२ सेकंदांत जिंकली, दुसरी बॉस्टनच्याच थॉमस कर्टिसने तेवढ्याच वेळात आणि तिसरी बर्कने ११.८ सेकंदांत. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, बर्कने ४०० मीटरची अंतिम शर्यतही जिंकली.

१०० मीटरची अंतिम शर्यत झाली १० एप्रिलला. म्हणजे बर्क रेषेवर आला तेव्हा तो एका शर्यतीचा ऑलिंपिक विजेता होता, १०० मीटरच्या फेऱ्यांमधली सर्वांत चांगली वेळ त्याच्याच नावावर होती आणि अथेन्सकर चार दिवस अमेरिकनांना एकामागून एक स्पर्धा जिंकताना पाहत होते. अशा माणसाच्या बसण्याला कोण हसेल? आणि तो दिवस मॅरेथॉनचा होता. संगमरवरी पायऱ्यांवर बसलेल्या हजारो ग्रीकांचं सगळं लक्ष मॅरेथॉन गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे लागलेलं. त्याच दुपारी त्यांचाच स्पिरिडॉन लुइस पहिला आला आणि स्टेडियम वेडं झालं. शंभर मीटर हा त्यांच्यासाठी वाट बघतानाचा वेळ होता.

हसायचंच असेल तर त्याच शर्यतीत एक खरी मजा आहे, आणि ती पोस्टमध्ये कधीच नसते. कर्टिसने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलं की त्याच्या फेरीत शेजारचा फ्रेंच धावपटू रेषेवर उभा राहून पांढरे हातमोजे चढवत होता. कर्टिसने विचारलं, हे कशाला? तर उत्तर आलं, मी राजासमोर धावतोय ना! शर्यत संपल्यावर कर्टिसने त्याला विचारलं की आणखी कशात भाग घेतला आहेस. तो म्हणाला, दोनच गोष्टींत, शंभर मीटर आणि मॅरेथॉन. त्या स्पर्धेची पातळी काय होती, हे या एका किश्शातून बरंच कळतं.

वाकल्यामुळे जिंकला?

दाव्याचा गाभा हाच आहे, आणि सगळ्यात कच्चाही हाच.

वाकून सुटण्याचा फायदा होतो, हे नाकारायचं कारण नाही. शरीराचा भार पायांच्या पुढे येतो, त्यामुळे पहिल्या काही पावलांत जमिनीला मागे रेटता येतं. उभ्याने सुटणाऱ्याला आधी पुढे झुकावं लागतं. पण हा फायदा पुरता मिळायला पायाला मागून पक्का टेका लागतो. आज तो स्टार्टिंग ब्लॉक देतात. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक पहिल्यांदा आले १९४८ साली, लंडनला. तोपर्यंत धावपटू ट्रॅकमध्ये खड्डे खणून त्यात पाय रोवत. १९३६ साली बर्लिनला जेसी ओवेन्सनेही छोट्या थापीने खड्डे खणले होते. अथेन्सच्या भुसभुशीत ट्रॅकवर नुसतं वाकण्याने किती मिळालं असेल? थोडंफार. शर्यत फिरवण्याएवढं नाही.

याचा पुरावा बर्कच्याच निकालांत आहे. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याची वेळ १२.० सेकंद, दुसऱ्या आलेल्या जर्मनीच्या फ्रिट्झ हॉफमानची १२.२. फरक साधारण दोन मीटरचा. ४०० मीटरमध्ये बर्कची वेळ ५४.२ आणि त्याचाच देशबांधव हर्बर्ट जेमिसनची ५५.२. एक पूर्ण सेकंद, म्हणजे सातेक मीटर. पल्ला जितका लांब, तितकं स्टार्टचं वजन कमी होत जातं. विजय स्टार्टमुळे मिळाला असता तर १०० मीटरमध्ये बर्कचं वर्चस्व जास्त आणि ४०० मध्ये कमी दिसायला हवं होतं. दिसतं ते उलट. आणि का दिसतं हे उघड आहे: बर्क मुळात ४४० यार्डांचा, म्हणजे साधारण ४०२ मीटरचा माणूस. १८९५ साली त्या अंतराचा तो अमेरिकेचा विजेता होता आणि ते अंतर तो ५० सेकंदांच्या आत धावायचा. शंभर मीटर हा त्याचा दुय्यम प्रकार.

खो-खो खेळलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. पाटीवर बसायची ढब कितीही झकास असो, उठल्यावर पाय चालले नाहीत तर गडी हाती लागत नाही.

आता त्याच्यासमोर कोण होतं ते बघा. अंतिम शर्यतीला सहा जण पात्र ठरले होते. कर्टिसने ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीसाठी दम राखून माघार घेतली, आणि ती शर्यत तो जिंकलाही. उरले बर्क धरून पाच. हॉफमान हा जिम्नॅस्ट, त्याच ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या विजेत्या जिम्नॅस्टिक्स संघात होता आणि दोरावर चढण्याच्या स्पर्धेत तिसरा आला. हंगेरीचा अलायोश सोकोल्यी तिहेरी उडीतही उतरला होता. ग्रीसचा अलेक्झांड्रोस खाल्कोकोंडिलिस लांब उडीतही. आणि लेन, प्रिन्स्टनचा विद्यार्थी. ही मंडळी गुणी होती, पण त्यांच्यातले बरेचसे सगळं थोडं थोडं करणारे होते. नियमित प्रशिक्षण घेतलेला, देशातल्या अव्वल शर्यती धावलेला बर्क त्यांच्यासमोर उभ्याने सुटला असता तरी मी पैज त्याच्यावरच लावली असती.

जगातला सर्वांत वेगवान माणूस?

हा दावा बर्कच्या ओळखीच्यांनीच हसून उडवला असता. त्याच्याच देशात न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबचा बर्नी वेफर्स होता. त्याने १८९५ साली १०० यार्ड ९.८ सेकंदांत काढले होते. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. उरलेले साडेआठ मीटर त्याच वेगाने धरा, बेरीज १०.७ च्या आसपास येते. अथेन्सनंतर सात आठवड्यांनी, ३० मे १८९६ रोजी, याच वेफर्सने सरळ ट्रॅकवर २२० यार्ड २१.२ सेकंदांत पार केले. तो अथेन्सला गेलाच नव्हता. ब्रिटनचा त्या काळातला अव्वल धावपटू चार्ल्स ब्रॅडली हाही तिथे नव्हता. आणि १०० मीटर म्हणाल, तर अमेरिकेचा ल्यूथर केरी १८९१ सालीच पॅरिसमध्ये ते अंतर पावणेअकरा सेकंदांत धावला होता.

मग १२.० ही वेळ इतकी सामान्य का? इथे मात्र बर्कची बाजू घ्यायला हवी. पॅनाथेनाइक स्टेडियमचा सांगाडा प्राचीन, लांबट आणि अरुंद. ट्रॅकचा एक फेरा ३३३ मीटरच्या आसपास, दोन्ही टोकांची वळणं इतकी आवळलेली की धावपटूला जवळजवळ थांबावं लागे. शिवाय तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आजच्या उलट धावत. ट्रॅक तयार करायला लंडनहून चार्ल्स पेरी या जाणकाराला आणलं होतं, पण पृष्ठभाग दाबून घट्ट व्हायला वेळ मिळाला नाही आणि पाय रुतत राहिले. घरी ४४० यार्ड ५० सेकंदांच्या आत धावणारा माणूस त्याहून दोन मीटर कमी अंतराला इथे ५४.२ घेतो, यात दोष त्याच्या पायांचा कमी आणि जमिनीचा जास्त. १०० मीटरला वळणं नव्हती, पण मऊ जमीन होतीच. वेळ हातातल्या घड्याळाने एकपंचमांश सेकंदापर्यंत मोजलेली. तेव्हा १२.० वरून बर्क मंद होता असंही म्हणू नये आणि तो जगात सर्वांत वेगवान होता असंही नाही. त्या स्पर्धेचा विक्रमही अंतिम शर्यतीतला नव्हेच, तो प्राथमिक फेरीतला ११.८ होता.

पोस्टच्या काही आवृत्त्यांत बर्क गरीब आणि एकाकी मुलगा असतो. त्यावर फार शाई घालवत नाही. तो बॉस्टनमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होता आणि क्लबच्या संघातून आला होता. पुढच्याच वर्षी पहिली बॉस्टन मॅरेथॉन झाली, तेव्हा बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढून ‘गो’ म्हणणारा स्टार्टर तोच होता.

आणि ते सुवर्णपदक

अथेन्समध्ये सोन्याचं पदक कुणालाच मिळालं नाही. १५ एप्रिलला राजे जॉर्ज पहिले यांनी बक्षिसं वाटली, तेव्हा विजेत्याला चांदीचं पदक, ऑलिव्हची फांदी आणि प्रशस्तिपत्र दिलं. दुसऱ्याला कांस्यपदक. सोनं, चांदी, कांस्य ही रीत पडली १९०४ साली, सेंट लुइसला. याद्यांमध्ये बर्कच्या नावापुढे दिसणारं सोनं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मागाहून लावलेलं आहे. लेन आणि सोकोल्यी १२.६ सेकंदांत बरोबरीने तिसरे आले. त्यांच्या नावापुढे आता कांस्य लिहिलेलं असतं, पण त्या दिवशी त्यांना काहीच मिळालं नव्हतं.