वैर बघावं तर केट आणि अँथनीचं

‘ब्रिजर्टन’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनला २०२२ मध्ये भरपूर नावं ठेवली मी. ठेवत ठेवत आठही भाग संपवले, आणि परवा पुन्हा लावला.

गोष्ट १८१४ च्या लंडनची. शर्मा बहिणी, थोरली केट आणि धाकटी एडविना, मुंबईहून आलेल्या. एडविनाला म्हणे हिंदुस्तानी आणि मराठीही येतं! मी सावरून बसले. पुढे मला तरी मराठीचा एक शब्द ऐकू आला नाही. वडील ‘अप्पा’, थोरली ‘दीदी’, धाकटी बंगालीत ‘बोन’. अख्खा देश एकाच घरात कोंबलाय. केट मसाल्याचा चहा करते, तेव्हा आसामात चहाचे मळे लागायलाही वीसेक वर्षं होती. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर, तीन वर्षांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढणार, आणि लंडनच्या नाचात कंपनीचं कुणी नावसुद्धा काढत नाही.

पण ते वैर! लग्नासाठी मुलगी शोधणारा अँथनी ब्रिजर्टन मित्रांसमोर बायकोत काय काय हवं ते ऐटीत सांगतो आणि केट नेमकी ते ऐकते. मग चिखलातला तो पॉल-मॉलचा (दांड्यानं चेंडू टोलवायचा खेळ) डाव, ज्यात ती त्याचा लाडका काळा दांडा बिनधास्त पळवते. कुणीच कुणाला हार जात नाही. आणि मधमाशी. त्याचे वडील मधमाशी डसूनच त्याच्या डोळ्यांदेखत गेलेले. केटला डसते तेव्हा हा उमराव थरथर कापायला लागतो. ती त्याचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवते: बघ, श्वास चाललाय. भांडण तिथल्या तिथे विरतं. जोनाथन बेली आणि सिमोन अ‍ॅशली या प्रसंगात जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

जुलिया क्विनच्या मूळ कादंबरीत या मधमाशीपायी दोघांचं घाईघाईनं लग्न लागतं. इथे मात्र त्याचा एडविनाशीच साखरपुडा, आणि तो थेट सहाव्या भागात लग्नवेदीपर्यंत ताणलाय. तिथे केटची बांगडी पडते, नवरदेव ती उचलायला खाली वाकतो आणि एडविनाला सगळं कळतं. फार सुरेख प्रसंग, पण तोवर दोघांनी त्या पोरीला खेळवलं त्याचं काय? चहा, अप्पा, बाजीराव सगळं माफ. शेवटी राणी तिच्यासमोर आपल्या भाच्याचं नाव काढते आणि लेखक हात झटकून मोकळे. इतक्या भाषा येणारी मुलगी, आणि तिच्या वाट्याला काय, तर आणखी एक स्थळ!