दाखल-खारीज रजिस्टर कुठं आहे?

"शाळेची आता काहीच खूण उरली नाही" हे बंद पडलेल्या शाळेवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. भिंती पडल्या, छपराचे कवेलू लोकांनी नेले, पण दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोणतं पोर कधी शाळेत आलं अन् कधी गेलं याची नोंदवही, कुठं गेलं हे विचारायलाच पाहिजे होतं ना! आमच्या पुसदकडं तांड्यावरची शाळा अशीच बंद झाली आणि मंग पुतणीच्या जात पडताळणीला आजोबाची नोंद लागली, आम्हा विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, ओबीसीला १९६७ च्या, कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) नाव सापडलं तर सापडलं नाहीतर शाळेचा दाखलाच, गरीब कास्तकाराकडं दुसरा कागद कुठून येणार? शेवटी केंद्रशाळेच्या कपाटात भेटलं, अर्धं वाळवीनं खाल्लेलं.

पट कमी म्हणून लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करता, तर आधी ही रजिस्टरं स्कॅन करा. लेखकानंही ते रजिस्टर शोधावं, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली तेवढं तरी कळेल.