‘रडू द्या, फुप्फुसं मजबूत होतात’: हे खरं नाही

गोव्यात सांखळी-डिचोलीपासून फोंड्यापर्यंत बाळंतिणींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. कुणाला जावेकडून येतो, कुणाला शेजारणीकडून. नवजात बाळाला रोज थोडा वेळ मुद्दाम रडू द्यावं, असं त्यात म्हटलंय. त्याने फुप्फुसं उघडतात, आवाज मोकळा होतो, डोळे धुतले जातात, दमलेलं बाळ गाढ झोपतं. लगेच उचललं तर मांडीची सवय लागते. आणि परदेशातले डॉक्टरही आता हेच सांगतात. मी बाळंतिणींसोबत काम करते. पंधरा दिवसांचं बाळ पाळण्यात लालबुंद झालंय, आईला पान्हा फुटून ब्लाउज भिजलाय, आणि घरातलं कुणीतरी “रडूं दी गो ताका, कांय जायना” म्हणत तिला अडवतंय, हे मी पाहिलंय. त्यामुळे या मजकुराला उत्तर द्यायलाच हवं.

आधी फुप्फुसं, कारण इथे खऱ्यात खोटं मिसळलंय. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की तो द्रव शोषला जाऊ लागतो आणि जन्मानंतरचे पहिले काही श्वास उरलेला बराचसा द्रव आजूबाजूच्या पेशींत ढकलतात. तिथून तो रक्तात जातो. प्रसूतिगृहात सगळे त्या पहिल्या रडण्याकडे कान लावून असतात ते यासाठी: श्वास सुरू झाला, हे त्यातून कळतं. पण महत्त्व श्वासाला आहे. बाळ न रडता नीट श्वास घेत असेल, अंग गुलाबी असेल, हातपाय हलवत असेल, तर त्याला चिमटे काढून रडवायचं काही कारण नाही. आणि जे श्वासच घेत नाही, त्याला पुसून, पाठ चोळून, गरज पडली तर पहिल्या मिनिटाच्या आतच मास्कने हवा द्यायची असते. कळा न येताच सिझेरियन झालेल्या काही बाळांच्या फुप्फुसांत द्रव जरा जास्त रेंगाळतो आणि ती दिवस-दोन दिवस भराभर श्वास घेतात. त्यांना देखरेखीखाली ठेवतात, लागला तर ऑक्सिजन देतात. रडवणं हा त्यावरचा उपचार नाही.

पहिल्या दिवसाची ही गोष्ट पुढच्या चाळीस दिवसांना लावली, तिथे घोटाळा झाला. फुप्फुसांतले बहुतेक वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात हे खरं. पण ते बाळाच्या वाढीबरोबर होतात, दुधावर आणि साध्या श्वासावर. मिनिटाला ४० श्वास धरले तरी दिवसाचे ५७,६०० होतात. एवढं चालू असताना वेगळा व्यायाम कशाला? उलट जोरात रडताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, डोक्यातला दाब वाढतो, पोटात हवा जाते, ताकद खर्च होते. पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ त्यातून लगेच सावरतं. कमी दिवसांच्या बाळांना मात्र हे झेपत नाही, म्हणून नवजात कक्षात परिचारिका त्यांना विनाकारण हाताळत नाहीत आणि रडू देत नाहीत.

रडणं म्हणजे व्यायाम, ही कल्पना जुनी आहे आणि ती एकेकाळी डॉक्टरांनीच लिहून ठेवली होती. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एल. एमेट होल्ट यांची आयांसाठीची प्रश्नोत्तरांची पुस्तिका १८९४ साली निघाली आणि तिच्या आवृत्त्या कित्येक वर्षं निघत राहिल्या. अगदी लहान बाळाने दिवसाला १५ ते ३० मिनिटं रडणं काही जास्त नाही, त्याने फुप्फुसं फुगलेली राहतात, असं ते सांगत. क्ष-किरणांचा शोधसुद्धा पुस्तिकेनंतरच्या वर्षी लागला. त्या काळच्या माहितीवर त्यांनी ते लिहिलं; आपण आज ते का पाळावं?

डोळे धुतले जाण्याचं म्हणाल, तर पहिले काही आठवडे बहुतेक बाळांच्या डोळ्यांतून रडताना पाणीच ओघळत नाही. आवाजाचंही तेच. तासभर रडलेल्या बाळाचा आवाज बसतो.

झोपेचा दावा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. रडून दमलेलं बाळ झोपतं हे खरंच, पण बऱ्याचदा ते उपाशी झोपतं. भूक लागल्यावर बाळ आधी तोंड उघडतं, मान वळवून शोधतं, मूठ तोंडात घालतं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही की मग ते रडतं. तोवर ते इतकं चिडलेलं असतं की स्तन तोंडात नीट धरतच नाही, आणि मग घरात सुरू होतं, “हिला दूध पुरत नाही.” त्यानंतर बाटली येते, नाहीतर सहाणेवर उगाळलेली गुटी. पहिल्या आठवड्यांत बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. कावीळ असलेलं बाळ आधीच सुस्त असतं. तेही असं रडून झोपलं तर दूध आणखी कमी जातं आणि कावीळ वाढते.

आता मांडीची सवय. महिन्याभराच्या बाळाला ‘मी रडलो की ही येते, मग हिला नाचवू’ असा डाव आखता येत नाही, तेवढा त्याचा मेंदू घडलेलाच नसतो. १९८६ साली मॉन्ट्रियलमध्ये हुंझिकर आणि बार यांनी काही आयांना सांगितलं की बाळ रडत नसतानाही त्याला रोज जास्त वेळ अंगावर घ्या. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण उचलल्यामुळे बाळं जास्त रडू लागली, असं यातून कुठेच निघालं नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांत बाळ दिवसभर आईच्या अंगावर असतं आणि कुरकुरलं की काही सेकंदांत पाजलं जातं. तिथली बाळंही आपल्या बाळांइतक्याच वेळा रडतात, पण लवकर शांत होत असल्याने एकूण रडणं जवळपास निम्मंच भरतं. आपल्याकडे आजीच्या मांडीवर, आत्याच्या खांद्यावर वाढलेली कितीतरी मुलं पुढे एकटी चतुर्थीच्या बाजारात फिरली. सवय सुटते.

राहिले परदेशी डॉक्टर. बाळाला रडू देत झोपायला शिकवण्याच्या ज्या पद्धतींची तिकडे चर्चा होते, त्या साधारण सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी आहेत. २०२० साली ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातून एक अभ्यास आला, त्यात १७८ बाळं होती. पहिल्या सहा महिन्यांत काही वेळा रडू दिलेल्या बाळांचं आईशी असलेलं नातं दीड वर्षाच्या वयात बिघडलेलं दिसलं नाही. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो. आई न्हाणीत असताना बाळ पाच मिनिटं रडलं म्हणून तिने जीव जाळायला नको. पण रडल्याने बाळाचं भलं होतं, असं त्यात म्हटलेलं नाही.

आणि काही बाळं पाजून, ढेकर काढून, खांद्यावर घेऊनही रडतात. अमेरिकेत ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या नोंदी मांडल्या: दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग तिसऱ्या महिन्यापर्यंत उतार. दिवेलागणीनंतर हे जास्त होतं. दूध, ओलं दुपटं बघून झालं की कपडे बघा. मे महिन्यात आपल्याकडे अंगाला घाम चिकटत असताना बाळाला टोपडं, मोजे आणि जाड दुपटं असतं, शेजारी धुरीची शेगडी; धुराने कोणाचाही जीव घुसमटेल. तरीही रडत असेल तर तो आईचा दोष नाही. संध्याकाळी बाळ बापाने घ्यावं, सासूबाईंनी घ्यावं, तिला तासभर निजू द्यावं. ती एकटीच असेल आणि संताप अनावर होऊ लागला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं बाहेर पडवीत जाऊन बसावं. बाळाला गदागदा हलवू मात्र कधीही नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो आणि जीव जाऊ शकतो.

रडण्याचा सूर एकदम बदलला, किंचाळल्यासारखा किंवा अगदी क्षीण झाला, बाळ अंगावर प्यायचं थांबलं, अंग १०० फॅरनहाइटच्या वर तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास चालले, छाती आत ओढली जाऊ लागली, हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा, नाहीतर गाडी काढून थेट बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.